बाटलीवरचा ‘नॅनो’

गेल्या महिन्यात ७२ वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांची सून दवाखान्यात घेऊन आली. सकाळी उठताना भोवळ येते, छातीत धडधडते, ही तक्रार. रक्तदाबाच्या गोळ्या जुन्याच होत्या. बऱ्याच वेळाने, काहीसे संकोचून, त्यांनी पिशवीतून केसांच्या औषधाची बाटली काढली. तीवर ठळक अक्षरांत ‘नॅनो’. लवकर गुण यावा म्हणून ते ती दुप्पट लावीत होते.

बाटलीत मिनॉक्सिडिल होते. हे मुळात उच्च रक्तदाबावरील औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा हा गुण ध्यानात आला आणि १९८८ साली अमेरिकेत ते डोक्यावर लावण्यास मान्यता मिळाली. मात्र त्वचेचा वरचा मृत पेशींचा थर औषधाला सहजी आत घेत नाही. शिवाय त्यातील अल्कोहोल व प्रॉपिलिन ग्लायकॉलमुळे अनेकांना खाज सुटते. म्हणून औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत भरण्याची कल्पना पुढे आली. असे कण केस जेथून उगवतो त्या खळगीत उतरून तेथेच साठतात. गंमत अशी, की सर्वांत बारीक कण सर्वांत खोल जातात असे नाही. प्रयोगांत मिलिमीटरच्या सुमारे दोन-हजाराव्या भागाएवढे कण अधिक खोल गेलेले आढळले. औषध मुळाशी राहावे, रक्तात कमी जावे, यासाठी हा सारा खटाटोप.

यातील पुष्कळसे काम अजून प्रयोगशाळेतच आहे. बाटलीवरील एका शब्दावरून आतील कण कसे आहेत, रक्तात किती औषध उतरेल, हे कळत नाही. हृदयविकार असल्यास किंवा रक्तदाबाचे औषध चालू असल्यास विचारल्यावाचून ते लावू नये. भोवळ, धडधड वा पायांवर सूज आल्यास ते थांबवून डॉक्टरांना दाखवावे. काही बाटल्यांत फिनास्टेराइड असते. त्याच्या गोळीने प्रोस्टेटच्या पी.एस.ए. तपासणीचा आकडा जवळजवळ निम्मा होतो, आणि लावलेले औषधही रक्तात उतरू शकते. तेव्हा तपासणीपूर्वी तसे अवश्य सांगावे. घरातील गरोदर लेकीसुनेने त्याला हात लावू नये.

औषध थांबवल्यावर आठवडाभरात त्या गृहस्थांची भोवळ गेली. “मग केसांचे काय?” त्यांनी विचारले. चौकशीत कळले, की तीन महिन्यांपूर्वी त्यांना डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे मूठमूठभर गळतात आणि बहुधा आपोआप परतही येतात. हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी तेवढी लिहून दिली आहे.