पात्यापासून वीतभर लांब

आमच्या वस्तीत हल्ली संध्याकाळी सात वाजले की चार-पाच घरांतून घर्र असा आवाज येऊ लागतो. दिवसा कामावर जाणारी आपली मुले घरी येऊन चहा घेतात आणि पडवीतल्या नाहीतर पत्र्याच्या शेडमधल्या आपल्या छोट्या कारखान्यात शिरतात. कोणी फोटोच्या फ्रेमा करतो, कोणी दारा-खिडक्यांना बीडिंग पट्ट्या कापून देतो. एप्रिल महिन्यात तर फ्रेमांना इतकी मागणी असते की रात्री अकरापर्यंत आवाज थांबत नाही. पूर्वी हे काम हातकरवतीने होत असे. आता मायटर सॉ आला आहे. पाटावर पट्टी ठेवायची, कोन लावायचा, गोल पाते वरून खाली आणायचे, की क्षणात काम झाले.

मुले कष्ट करतात, कोणापुढे हात पसरत नाहीत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्या हातांच्या जोरावर हे चालले आहे, त्या हातांची काळजी कोण घेणार?

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाच्या डाव्या तर्जनीचे टोक गेले. नाव सांगत नाही, कारण नावाने काही शिकता येत नाही. त्याच्या आईने बचत गटातून कर्ज काढून मशीन घेऊन दिले होते. अपघाताच्या आठच दिवस आधी आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा पात्यावरचा गार्ड तारेने वर बांधलेला दिसला. आम्ही विचारले, ‘‘अरे, हे काय?’’ तो म्हणाला, ‘‘काका, गार्ड मधे येतो, पेन्सिलीची खूण दिसत नाही.’’ आम्ही ‘‘जपून रे बाबा’’ म्हणालो आणि निघून आलो. तार सोडायला लावली नाही. ती चूक आमचीही आहे, म्हणूनच हा लेख.

आम्ही सुतार नाही, कचेरीत जमाखर्च लिहिणारे कारकून आहोत. पण हिशेब जुळला नाही की चूक कोठे झाली हे मागे मागे जाऊन शोधण्याची आम्हाला सवय आहे. मशीनबरोबर आलेली पुस्तिका वाचली, वस्तीतल्या एका जुन्या मिस्त्रींना विचारले, आणि मग उलगडा झाला.

त्या मुलाच्या फ्रेमचा चौथा कोपरा जुळत नव्हता. का जुळत नव्हता? मशीनवर 45 अंश दाखवत होते, पण प्रत्यक्षात अर्ध्या अंशाचा फरक होता. फ्रेमला चार कोपरे, म्हणजे आठ काप. अर्धा अंश आठ वेळा साठला की चार अंश होतात, आणि शेवटच्या कोपऱ्यात फट पडते. फट बुजवायला तो पट्टीचे टोक केसभर, केसभर तासत बसला. तुकडा आखूड होत गेला, खूण बारीक झाली, नीट दिसावे म्हणून गार्ड बांधला, बोट जवळ गेले. बोट गेले ते पात्याने, पण सुरुवात झाली ती न तपासलेल्या कोनापासून.

म्हणून पहिला नियम असा : काम सुरू करण्यापूर्वी कोन तपासा. टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे 45 अंशांत कापून जोडा आणि आतून गुण्या लावून पाहा. फट दिसली तर प्लग काढून मशीनचा कोन दुरुस्त करा. पाच मिनिटांचे काम आहे, पण तासत बसण्याची पाळी येत नाही.

दुसरा नियम गार्डचा. पाते खाली येताना गार्ड आपोआप वर सरकतो आणि पाते वर गेले की पुन्हा झाकतो. तो बांधायचा नाही, काढायचा नाही. अडकत असेल तर प्लग काढून भुसा झाडा, तरीही अडकला तर दुरुस्तीला द्या, पण तसेच चालवू नका. 1948 च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागाला आडोसा सक्तीचा केला, तो उगीच नव्हे. घरच्या पडवीत तपासायला इन्स्पेक्टर येत नाही. तेथे इन्स्पेक्टर आपणच.

तिसरा नियम अंतराचा. पुस्तिकेत लिहिलेले असते की हात पात्यापासून 15 सेंटिमीटर दूर हवा. आम्ही म्हणतो वीतभर. वीत थोडी जास्तच भरते आणि हे माप प्रत्येकाच्या हाताशीच असते. तुकडा इतका आखूड असेल की वीतभर अंतर राहत नाही, तर तो हाताने धरायचा नाही. क्लॅम्पने आवळा, नाहीतर सरळ हातकरवत घ्या. कोन लावताना पाते तिरके फिरते, त्यामुळे सरळ कापात जो हात सुरक्षित होता तो तिरक्या कापात पात्याच्या वाटेत येऊ शकतो. म्हणून प्लग काढून पाते एकदा खाली आणून पाहावे, ते कोठे उतरते ते कळते. एका हाताची दुसऱ्यावर कैची करून पट्टी कधीही धरू नये.

आता पात्याचा वेग पाहा. 10 इंची पात्याचा घेर सुमारे 80 सेंटिमीटर. ते मिनिटाला 5,000 फेरे घेत असेल, तर दात्यांचा वेग ताशी 240 किलोमीटर होतो. धावत्या मेल गाडीच्या दुपटीहून जास्त! ‘हात झटकन मागे घेईन’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

कापण्याची रीत अशी. पट्टी खाली पाटाला आणि मागे फेन्सला घट्ट टेकलेली हवी. तिरक्या कापात पट्टी बाजूला सरकू पाहते, म्हणून क्लॅम्प लावाच. पट्टी वाकडी असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवा, नाहीतर कापताना लाकूड पात्याला आवळून धरते आणि पट्टी उसळते. लांब पट्टीच्या टोकाखाली तेवढ्याच उंचीचा आधार द्या, ती धरायला लहान मुलाला उभे करू नका. खटका दाबल्यावर पाते पूर्ण वेगात येऊ द्या, मगच हळूहळू खाली आणा. काप झाला की खटका सोडा, पाते खालीच पूर्ण थांबू द्या, मग वर घ्या. कापलेला तुकडा फिरत्या पात्याजवळून बोटाने ओढू नका. तोंड पात्याच्या रेषेत न ठेवता जरा बाजूला उभे राहा.

जुन्या लाकडात खिळा राहिला आहे का ते आधी पाहा. लाकडाच्या पात्याने लोखंड कापू नका आणि या मशीनला दगडी चकती लावू नका. नवे पाते घेताना त्यावर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नाही ना, ते वाचून घ्या.

विजेचेही ऐका. 1,650 वॅटचे मशीन 230 व्होल्टवर सात अँपिअरच्या वर वीज खेचते. ते टीव्हीच्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवाल तर वायर तापते. 16 अँपिअरचे सॉकेट, नीट अर्थिंग आणि ईएलसीबी हवाच. पाते बदलताना, कोन दुरुस्त करताना, भुसा झाडताना, प्रत्येक वेळी प्लग बाहेर.

अंगावर काय असावे? डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, नाकाला चांगला मास्क. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारण ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच जाहीर केले आहे. काय नसावे? हातमोजे, लोंबती बाही, गळ्यातली साखळी, हातातला दोरा. हातमोजा वाचवत नाही, पाते तो पकडून हातच आत ओढते. आमच्या कितीतरी भगिनीही हे काम करतात. त्यांनी पदर किंवा ओढणी खोचावी, बांगड्या उतरवाव्यात, वेणी बांधून घ्यावी.

घरातल्या माणसांनाही एक विनंती. मशीन चालू असताना मागून हाक मारू नका, खांद्यावर हात ठेवू नका. जेवण वाढले असेल तर पाते थांबेपर्यंत दारात उभे राहा. काम संपले की प्लग काढून मशीनवर जाड कापड टाका. बऱ्याच मशीनच्या खटक्यात लहान कुलूप लावायला भोक असते. घरात मुले असतील तर ते कुलूप लावाच.

इतके करूनही अपघात झालाच, तर घाबरून हळद किंवा चहाची पूड जखमेत भरू नका. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, बोटात अंगठी असेल तर सुजेपूर्वी काढा. बोट तुटून पडले असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नये, त्याने पेशी मरतात. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. जितक्या लवकर मोठ्या रुग्णालयात पोहोचाल तितकी बोट जोडण्याची आशा जास्त.

शेवटी कारकुनी हिशेब. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमावण्याची ताकद 30 टक्के कमी झाली असे धरले होते, आख्खी तर्जनी गेली तर 14 टक्के. तेथे निदान भरपाई मागायला मालक असतो. आपल्या पडवीत मालकही आपण आणि मजूरही आपण. बोट गेले तर ते पूर्ण आपल्याच खात्यावर खर्ची पडते, आणि जमेच्या बाजूला काहीच येत नाही. त्या मुलाचे तीन महिने काम बंद होते. बचत गटाचा हप्ता मात्र बंद नव्हता. तो त्याच्या आईने चार घरची जादा धुणी-भांडी करून फेडला.

आता तो पुन्हा काम करतो. गार्ड जागेवर आहे, तार नाही. परवा आम्ही गेलो तर तो पट्टीवर हात ठेवण्यापूर्वी पात्यापासून वीत मोजत होता. तो उजव्या हाताने मोजतो.

तुमच्या गल्लीत कोठे तार बांधलेला गार्ड दिसला, तर आमच्यासारखे ‘जपून रे’ म्हणून निघून येऊ नका. थांबा, आणि तार सोडवूनच या.