दुर्मीळ, म्हणून महाग?

२०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात ‘पिंक स्टार’ हा ५९.६० कॅरटचा गुलाबी हिरा ७ कोटी १२ लाख डॉलरला गेला. अशी बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: नैसर्गिक रंगीत हिरे दुर्मीळ असतात, म्हणून ते महाग असतात. यातला ‘म्हणून’ मला मान्य नाही.

तो तपासायला पश्चिम ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण सोयीची आहे. १९८३ ते २०२० या काळात तिथून ८६ कोटी कॅरटहून जास्त कच्चे हिरे निघाले. जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक गुलाबी हिरे इथलेच. तरी खाणीच्या उत्पादनात त्यांचं प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी. बहुसंख्य हिरे तपकिरी. निळ्या हिऱ्यात बोरॉन असतो, पिवळ्यात नायट्रोजन. गुलाबी रंगाला मात्र असा परका अणू लागत नाही. जमिनीखालच्या प्रचंड दाबाने कार्बन अणूंची जाळी मुरडते, तिचे थर घसरतात, आणि रंग येतो. अर्गाइलचा तपकिरी रंगही अशाच मुरडण्यातून येतो. म्हणजे दोघे सख्खे भाऊ. एक तिजोरीत गेला आणि दुसरा कित्येक वर्षं कारखान्यात घासायच्या कामाला.

मग तपकिरीचं बारसं झालं. फिक्याला ‘शॅम्पेन’, गडदला ‘कोन्यॅक’, आणि सी-१ ते सी-७ अशी प्रतवारी. बारीक, स्वस्त खडे पैलू पाडायला भारतात आले, मुख्यतः गुजरातेत. खड्यात काहीच बदललं नव्हतं, मुबलकताही तशीच होती. तरी भाव चढला. (दोषाला नवं नाव देऊन विकणं आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवीन नाही, हे मान्य.)

गुलाबी तर खरंच दुर्मीळ आहेत ना? आहेत. पण अर्गाइलचे निवडक खडे १९८४पासून दरवर्षी मोजक्या निमंत्रितांना दाखवून बंद बोलीने विकले जात. भाव ठरण्यात या मांडणीचाही वाटा होता, आणि ती माणसांनी केलेली होती.

माझा खरा राग पुढच्या पायरीवर आहे. खाण बंद झाली, आता भाव वाढतच जाणार, असं सांगून पगारदार माणसाला पाव कॅरटचा खडा ‘गुंतवणूक’ म्हणून विकतात. सोन्याला रोजचा भाव असतो. गल्लीतल्या सराफालाही तो ठाऊक असतो. रंगीत हिऱ्याला असा भाव नाही, कारण प्रत्येकाची छटा, गडदपणा, आकार वेगळा. घेताना ज्याला ‘एकमेवाद्वितीय’ म्हणतात, तेच विकताना अंगाशी येतं: तुलनेला दुसरा खडा नाही, गिऱ्हाईक कधी मिळेल याचा नेम नाही, आणि व्यापारी देईल ती किंमत. पुरवठा थांबला म्हणून मागणी टिकेलच, याची हमी कोण देणार?

अर्गाइलचं मोल मला मान्यच आहे, पण ते वेगळं. २०२३ साली संशोधकांनी हे साठे सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीचे असल्याचं दाखवलं. नूना हा महाखंड फाटताना हिरे पृष्ठभागाकडे फेकले गेले असावेत, असं त्यांचं म्हणणं. हे वय त्यांनी हिऱ्यांवरून काढलं नाही. ते निघालं भोवतालच्या खडकातल्या इतर खनिजांच्या बारीक कणांवरून, ज्यांच्यासाठी कुणी कधी बोली लावली नव्हती.