दागिन्याचे वाचन

अलंकार म्हणजे वरून चढविलेली शोभा, हा समज मराठी समीक्षेत चांगलाच मुरला आहे. ‘आलंकारिक’ हे विशेषण आपण आता दूषण म्हणूनच वापरतो. वास्तविक ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, समर्थ. अलंकरण म्हणजे एखाद्या वस्तूस तिच्या कार्यास समर्थ करणे. हा मूळ अर्थ जाणून घ्यावयाचा तर प्राचीन ईजिप्तच्या दागिन्यांकडे वळावे.

१९२२ साली उघडकीस आलेल्या तूतनखामेनच्या थडग्यातील एक पदक पाहावे. तळाशी टोपली, तिच्यावर अनेकवचनाच्या तीन रेघा, मध्ये पंख पसरलेला शेणकिडा, माथ्यावर सूर्यबिंब. टोपली ‘नेब’, किडा व रेघा मिळून ‘खेपेरू’, बिंब ‘रे’: नेबखेपेरूरे हे राजाचे अभिषेकनामच गळ्यात घातलेले. शिवाय ‘खेपेर’ या धातूचा अर्थ ‘होणे, अस्तित्वात येणे’. हा उघड श्लेष आहे, फक्त तो सोन्यात साधला आहे. ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संहितेतील १५६वा मंत्र तांबड्या दगडाच्या गाठीवर म्हणावयाचा असे; त्यात ईसिसच्या रक्ताचा उल्लेख येतो. भाषांतरकाराने गाठ वगळून मंत्र तेवढा छापला तर वाचकाच्या हाती निम्मीच कविता पडते.

हे दूरदेशीचे कौतुक नव्हे. चेन्नईच्या पश्चिमेस, रणगाड्यांच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध असलेल्या आवडीत काय, वा तमिळनाडूतील कोणत्याही गावात काय, तालीच्या घडणीवरून घराण्याची ओळख पटते. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून गेलेले मराठी गलाई व्यावसायिक त्या प्रांती पिढ्यान्‌पिढ्या सोने गाळीत आले आहेत. त्यांच्या मुशीत कस उतरतो, आकार जातो. त्यांचा त्यात दोष नाही. वाचणारे आपण, आणि आपण तिकडे फिरकलोच नाही.

नवव्या रामेसेसच्या काळी, इसवी सनापूर्वी सुमारे ११०० मध्ये, सोबेकेमसाफ राजाची कबर फोडणाऱ्या चोरांची जबानी पपायरसवर उरली आहे. सोन्याचे वजन आणि वाटणी तीत आहे. कोणत्या ताइतावर काय कोरले होते, ते नाही. आपल्या भाषाविभागांच्या दप्तरी तर तेवढीही नोंद नाही. ताली, मंगळसूत्राच्या वाट्या, ताईत यांचे आकार, त्यांची नावे आणि ते घालताना म्हटली जाणारी गाणी एकत्र टिपावयाची असतील, तर अभ्यासकाने सराफाच्या तराजूपाशी, मोड घालावयाच्या आधी, जाऊन बसले पाहिजे.