शिक्षकांची दुफळी, सरकारची सोय

वेतनवाढ किती मिळावी यावर शिक्षकांच्या संघटनांचे एकमत होत नाही, तेव्हा दोष पुढाऱ्यांच्या अहंकाराला दिला जातो. वस्तुतः वाढ कोणाच्या पदरात पडावी, हा मूळ प्रश्न असतो. तो आपसांत सुटला नाही की काय होते, हे इंग्लंडमधील शिक्षकांच्या इतिहासावरून कळते.

तेथे वेतनश्रेण्या ठरविण्यासाठी १९१९ मध्ये बर्नहॅम समिती स्थापन झाली. एका बाजूला शाळा चालविणाऱ्या स्थानिक संस्था आणि दुसऱ्या बाजूला शिक्षकांचे प्रतिनिधी, अशी तिची रचना होती. त्याच वर्षी 'नॅशनल युनियन ऑफ टीचर्स' या सर्वांत मोठ्या संघटनेने स्त्री-पुरुषांना समान वेतनाचे धोरण स्वीकारले. ते अमान्य असलेल्या पुरुषांनी पुढे 'स्कूलमास्टर्स'ची निराळी संघटना उभारली. तर युनियन समान वेतनासाठी पुरेशी झगडत नाही, असे मानणाऱ्या स्त्रियांनीही वेगळी चूल मांडली. समान वेतन पूर्णपणे अमलात यावयास १९६१ साल उजाडले.

१९८५ च्या संघर्षात वाद पुन्हा वाटपावर आला. शिक्षकांच्या बाजूने सरसकट १,२०० पौंडांची मागणी होती. मालकपक्षाची तयारी ४ टक्क्यांची होती. येथे गणित ध्यानात घ्यावयास हवे. सहा हजार पौंड मिळविणाऱ्या नवशिक्षकाला सरसकट १,२०० म्हणजे २० टक्के वाढ. बारा हजार मिळविणाऱ्या ज्येष्ठाला तीच वाढ १० टक्के. टक्केवारीने वाढ दिल्यास पारडे उलटे झुकते. दोन्ही मागण्या न्याय्य ठरू शकतात, परंतु एकाच तिजोरीतून दोन्ही पूर्ण होत नाहीत.

मार्च १९८६ मध्ये ६.९ टक्क्यांचा समझोता अन्य संघटनांनी स्वीकारला, तर युनियनने नाकारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेतन आणि सेवाशर्ती यांचा नवा मसुदा पुढे आला. या खेपेस युनियन राजी झाली आणि स्कूलमास्टर्सचे वारस असलेली संघटना अडून बसली. शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांना दोघांपैकी कोणाचीच मनधरणी करावी लागली नाही. १९८७ च्या कायद्याने बर्नहॅम समिती मोडीत निघाली, वेतन ठरविण्याचा अधिकार मंत्र्याकडे गेला आणि वर्षातील १९५ दिवसांत १,२६५ तास मुख्याध्यापक सांगेल ते काम करण्याची अट शिक्षकांवर आली. १९९१ मध्ये वेतन पुनर्विलोकन मंडळ नेमले गेले. हे मंडळ शिफारस करते, निर्णय सरकारचाच.

थॅचर सरकारने एकजूट झालेल्या शिक्षकांवरही आघात केला असता, असा युक्तिवाद करता येईल. तो निराधार नाही. तथापि मालकपक्षासमोर एकच मागणी आणि एकच स्वाक्षरी असती, तर वाटाघाटीचे मेजच उचलून नेण्यास सरकारला इतके सोयीचे निमित्त मिळाले नसते.

पुढील पिढीने काही धडा घेतला. २०१७ मध्ये युनियन व 'असोसिएशन ऑफ टीचर्स अँड लेक्चरर्स' एकत्र आल्या. २०२३ मध्ये सरकारने बहुतेक शिक्षकांस ४.३ टक्के वाढ देऊ केली, तेव्हा चारही प्रमुख संघटनांनी ती नाकारली. त्यांतील एकीच्या शिक्षकांनी संप केला. इतरांनी तिच्या विरोधात वेगळा सौदा केला नाही. जुलैमध्ये ६.५ टक्क्यांवर चौघींनी मिळून तडजोड केली.

परंतु १९८७ मध्ये गेलेला वाटाघाटीचा हक्क परत आलेला नाही. टक्केवारीतील तूट पुढील वर्षी भरून काढता येते; हातून गेलेले मेज पुन्हा मिळविण्यास एक पिढीही पुरत नाही. म्हणून वाटपाचा वाद मंत्र्याच्या दालनात नव्हे, तर त्या दालनाची पायरी चढण्यापूर्वीच शिक्षकांनी आपसांत मिटविला पाहिजे.