गाडीच्या बेसिनचा पाइप रस्त्यावर कशाला?

गाडगेबाबांचं नाव आपल्या विद्यापीठाला. 20 डिसेंबर 1956 ला बाबा गेले तेही इथंच, वलगावजवळ. अन् त्याच अमरावतीत खाऊच्या गाडीच्या बेसिनचा पाइप सरळ रस्त्यावर! खरकटं, साबण, तेलाचा चिकटा नालीत बसतो, नाली तुंबते, डास आपल्याच घरी.

मी रोज गाडीवर खातो, म्हणून बोलतो. उपाय सोपा: बेसिनला जाळी, खाली 20 लिटरची झाकणाची कॅन. पण भाऊ, भरलेली कॅन गाडीवाल्यानं रिकामी कुठं करायची? पावती फाडता ना, मग चेंबरही द्या! नुसत्या दंडानं पाणी मुरत नाही.

अन् आपण? कॅन नसलेल्या गाडीवर खाणं बंद. बाबा आधी खराटा घ्यायचे, कीर्तन नंतर.