शेजारधर्माची कसोटी

शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला, तर जाऊन दार ठोठवावे की ‘त्यांचे ते बघून घेतील’ म्हणत आपली खिडकी लावून घ्यावी? हा प्रश्न प्रत्येक गृहस्थाला कधी ना कधी पडतो. देशांनाही पडतो. पश्चिम आफ्रिकेतील राष्ट्रांची ‘इकोवास’ ही संघटना १९९० पासून त्याच्याशी झुंजते आहे आणि तिची कहाणी मला फार बोलकी वाटते.

१९७५ साली लागोस येथे ही संघटना जन्मली ती व्यापारउदीम वाढावा म्हणून. पण १९८९ च्या अखेरीस लायबेरियात यादवी पेटली, निर्वासितांचे लोंढे शेजारी देशांत शिरू लागले. शीतयुद्ध ओसरत होते आणि बड्या सत्तांना तिथे हात घालण्याची इच्छा नव्हती. अखेर १९९० मध्ये नायजेरियाच्या पुढाकाराने या व्यापारी मंडळानेच मन्रोव्हियात सैन्य उतरवले. त्या सैनिकांवर पुढे लुटालुटीचे आरोपही झाले. मग शहाणपण आले. १९९९ मध्ये अशा हस्तक्षेपाची रीतसर चौकट आखली गेली. २००१ मध्ये, घटनाबाह्य मार्गाने सत्ता बळकावणे खपवून घ्यायचे नाही, असे ठरले.

त्याचे गोड फळ गांबियात मिळाले. डिसेंबर २०१६ ची निवडणूक हरूनही याह्या जामेह खुर्ची सोडेनात. विजयी अदामा बॅरो यांना जानेवारी २०१७ मध्ये शपथ घ्यावी लागली ती डाकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत! शेजाऱ्यांच्या फौजा सीमा ओलांडून आल्या आणि दोन दिवसांत जामेह देशाबाहेर गेले. मोठी लढाई झालीच नाही.

पण एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. इकोवासने बळाची धमकी दिली, सीमा बंद केल्या. नायजेरियाने वीज तोडली. काळोखात बसले ते सामान्य लोक, लष्करशहा नव्हेत. शेवटी माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तिन्ही देश जानेवारी २०२५ मध्ये संघटनेतून बाहेर पडले.

चुकले कुठे? मला वाटते, संघटनेच्या तराजूत खोट होती. बंडखोर कर्नलांवर तिने डोळे वटारले. पण २०२० मध्ये गिनीच्या अध्यक्षांनी राज्यघटना बदलून तिसऱ्यांदा सत्ता घेतली, तेव्हा ती गप्प राहिली. पुढच्याच वर्षी तिथे बंड झाले. घरमालकाची अरेरावी ज्याला दिसत नाही, त्याने चोराला दरडावले तर कोण ऐकणार?

तरीही एक गोष्ट मला आशादायक वाटते. तिघे बाहेर पडले त्या दिवशीच इकोवासने जाहीर केले, की या देशांच्या नागरिकांचे पासपोर्ट पुढील सूचनेपर्यंत पूर्वीसारखेच मान्य राहतील. सरकारांचे भांडण माणसांच्या पायांत घातले नाही. बदलत्या काळाशी जुळवून घेणे म्हणजे केवळ नवी फौज उभारणे नव्हे. रागावलेल्या शेजाऱ्याच्या मुलाबाळांसाठी आपले दार उघडे ठेवणे, हेही त्यात आलेच.