नक्कल पुरे, आता बडग्या काढा

मराठी टीव्हीवर गायकांच्या नकला भरपूर होतात. कुणाचा आवाज, कुणाचं मान उडवणं, कुणाचा गॉगल. लोक हसतात, समोर बसलेला गायकही हसतो आणि विषय तिथंच संपतो. पण गाणाऱ्या पोराला ‘स्टार’ करणाऱ्या यंत्रणेवर बेतलेली विनोदी मालिका मराठीत झाल्याचं मला आठवत नाही. ती व्हायला हवी, आणि नागपूरच्या लेखकाच्या हातून व्हावी, असं मनापासून वाटतं.

सक्करदऱ्यात राहणाऱ्याला हे जग लांबचं नाही. क्रीडा चौकात ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव भरला की नामांकित गायक आमच्या दारात येतात. लोक गाणं ऐकतात कमी, मोबाइल उंच धरून टिपतात जास्त. आणि घरोघरी पाहिलेला तो टीव्हीवरचा प्रसंग आठवा: पोराचं गाणं संपतं, परीक्षकाचा हात छातीवर जातो, कॅमेरा आईच्या डोळ्यांवर येतो, मागे बासरी सुरू होते आणि नेमकी तेव्हाच जाहिरात लागते. घरच्या गरिबीचाही कार्यक्रमात एक ठरलेला तुकडा असतो. विडंबन व्हायला हवं ते याचं.

गाणाऱ्यांचं मात्र नको. आपल्या हिंगणघाटच्या वैशाली माडेनं 2009 मध्ये हिंदी ‘सा रे ग म प’ जिंकलं, पुढं ‘बाजीराव मस्तानी’त ‘पिंगा’ गायलं. ती मेहनत खरी आहे. तिची टर उडवणं हलकटपणा ठरेल.

ब्रिटनमध्ये पीटर के या विनोदवीरानं 2008 मध्ये अशा गायनस्पर्धांचं लांबलचक विडंबन टीव्हीवर केलं. तो स्वतः जेराल्डिन नावाची स्पर्धक झाला आणि खरेखुरे परीक्षक स्वतःच्याच भूमिकेत बसले. त्या खोट्या विजेतीचं गाणं खऱ्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं!

आपल्याकडे अडतं कुठं? ‘चला हवा येऊ द्या’ 2014 मध्ये सुरू झालं, भारत गणेशपुरेंनी आपली वऱ्हाडी बोली घराघरांत नेली. पण कार्यक्रमातल्या थुकरटवाडीत पाहुणे यायचे ते चित्रपटाच्या जाहिरातीला. पाहुण्याला कोण डिवचणार? शिवाय मराठी ‘सा रे ग म प’ त्याच वाहिनीचं. आपल्याच दुकानाच्या मालाची खोड कोण काढेल?

धाक न बाळगणारी थट्टा आपल्या मातीत आहे. नागपूरच्या महालात भोसल्यांच्या मस्कऱ्या गणपतीपुढं नकला आणि खडी गंमत व्हायची. तान्ह्या पोळ्याला मारबतीबरोबर बडग्यांचे पुतळे निघतात, गळ्यात पाटी अडकवलेले. पुढाऱ्यापासून महागाईपर्यंत कुणालाही सोडत नाहीत. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये कविता गाऊन सभा जिंकणाऱ्या रविकिरण मंडळाच्या कवींनाही सोडलं नव्हतं, आणि ते कवी त्या काळचे तारेच होते.

तेव्हा महालातल्या, सक्करदऱ्यातल्या, हनुमाननगरातल्या लिहित्या पोरांनो, वाहिनीच्या होकाराची वाट पाहू नका. मोबाइल हातात आहेच. परीक्षकाच्या खुर्चीपासून सुरुवात करा. पहिला भाग झाला की मला कळवा, मी या सदरात त्यावर लिहीन.